फुटबॉलचा हंगाम कुणाच्या सहीनं सुरू होतो?

(जानेवारी २०२६ च्या अखेरीस शिरूर येथे, शिरूर व दौंड तालुक्यांतील क्रीडाशिक्षक, पालक आणि खेळाडूंसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मंडळी, येत्या १४ फेब्रुवारीला इंडियन सुपर लीगचा नवा हंगाम सुरू होतो आहे. आयएसएल म्हणतो आपण तिला. देशातली सगळ्यात वरची व्यावसायिक फुटबॉल लीग. मागचा हंगाम २०२४ च्या सप्टेंबरमध्ये सुरू झाला होता, म्हणजे यंदा पाच महिने उशीर झाला. आणि उशीर पावसानं नाही झाला, मैदानं तयार नव्हती म्हणूनही नाही. एका कागदावर सही नव्हती म्हणून झाला. आज मला तुम्हाला तो कागद समजावून सांगायचा आहे. कारण तो समजला की पुण्यासारख्या एवढ्या मोठ्या जिल्ह्याचा या लीगमध्ये एकही संघ का नाही, हेही समजतं, आणि आपल्या पोरांना या खेळात घालताना कशावर भरवसा ठेवायचा आणि कशावर नाही, हेही.

आधी यंदाचं गणित सांगून टाकतो, अवघड नाही. १४ संघ. प्रत्येकानं बाकीच्या १३ जणांशी एकेकदा खेळायचं. १४ गुणिले १३, १८२. एका सामन्यात दोन संघ, म्हणून त्याचे निम्मे, ९१ सामने. बस्स. मागच्या हंगामात १३ संघ होते आणि प्रत्येकाशी दोनदा गाठ पडायची, एकदा आपल्या गावात, एकदा त्यांच्या. म्हणजे प्रत्येक संघाला २४ सामने मिळायचे. यंदा १३. जवळजवळ निम्मे.

आता कुणी म्हणेल, कमी तर कमी, झाले तर खरे! पण यात एक गोम आहे. लीगमध्ये दोनदा खेळायची पद्धत हौसेची नाही. घरच्या मैदानाचा फायदा मोठा असतो. प्रेक्षक आपले, हवा आपली, प्रवासाचा शीण नाही. दोनदा खेळलं की तो फायदा फिटतो. एकदाच खेळलं तर कोण कुणाच्या गावाला जाणार यावरच अर्धी गंमत ठरते. शिवाय १३ हा आकडा विषम, त्यामुळं घरचे आणि बाहेरचे सामने सारखे वाटताच येत नाहीत. ज्याच्या वाट्याला घरचा एक जास्त आला त्याचं नशीब.

आता तो कागद. तुम्ही ऊसपट्ट्यातली माणसं, तुम्हाला हंगाम हा शब्द मी काय शिकवणार! कारखाना सभासदांचा असतो. पण समजा संचालक मंडळाला तो चालवणं झेपत नाही, म्हणून तो एका कंपनीला ठरावीक वर्षांच्या करारानं चालवायला दिला. कंपनी दरवर्षी ठरलेली रक्कम देणार, यंत्रं सांभाळणार, नफा-तोटा तिचा. आता तो करार डिसेंबरात संपणार आहे आणि गाळप मात्र दिवाळीच्या आगेमागे सुरू करायचंय. करार वाढवायला बसावं, तर संस्थेच्या घटनेचाच वाद कोर्टात, आणि कोर्टानं सांगितलंय की निकाल लागेपर्यंत नवे करार करू नका. अशा वेळी कोणती कंपनी टोळ्यांना उचल देईल? बॉयलर कोण पेटवेल?

फुटबॉलमध्ये अगदी हेच झालं. संस्था म्हणजे अखिल भारतीय फुटबॉल महासंघ. तिनं २०१० साली आयएमजी-रिलायन्स यांच्याशी १५ वर्षांचा करार केला, सुमारे ७०० कोटी रुपयांचा. वर्षाला साधारण ५० कोटी धरा. पुढं हे काम फुटबॉल स्पोर्ट्स डेव्हलपमेंट लिमिटेड, म्हणजे एफएसडीएल या कंपनीकडं आलं. या करारातूनच २०१४ च्या ऑक्टोबरात आयएसएल जन्मली, ८ संघांची. लीग कशी भरवायची, प्रक्षेपण कुणाला विकायचं, जाहिराती कुणाच्या घ्यायच्या, सगळं कंपनीच्या हातात. त्या कराराची मुदत संपत होती ८ डिसेंबर २०२५ ला. इकडं महासंघाच्या घटनेचा खटला सर्वोच्च न्यायालयात. न्यायालयानं निकालाआधी नवी बोलणी करायला मनाई केली. मग ११ जुलै २०२५ ला कंपनीनं कळवलं की डिसेंबरनंतरचा करारच नाही, तर हंगाम आम्ही तूर्त थांबवतो.

कंपनीची बाजूही ऐका. हंगाम सप्टेंबर ते एप्रिल. करार डिसेंबरात संपणार. म्हणजे एक तृतीयांश हंगामच तिच्या हक्काचा. उरलेल्याचं प्रक्षेपण ती कुणाला काय म्हणून विकणार? व्यवहार म्हणून तिचं चुकलं असं मला वाटत नाही. चूक शोधायचीच असेल तर ती आहे १५ वर्षांत. करार कधी संपणार हे पहिल्या दिवसापासून कागदावर लिहिलेलं होतं. आणि इतक्या वर्षांत लीग स्वतःच्या पायावर उभी राहील असं काही झालं नाही. महासंघाला घर चालवायला ते ५० कोटी हवे होते, आणि क्लबांना मालकाचा खिसा.

सप्टेंबरमध्ये घटनेचा निकाल लागला, ऑक्टोबरमध्ये महासंघानं नवी घटना स्वीकारली. मग निवृत्त न्यायमूर्ती नागेश्वर राव यांच्या देखरेखीखाली निविदा काढली. अट अशी की लीग चालवायला घेणाऱ्यानं वर्षाला किमान साडेसदतीस कोटी किंवा एकूण उत्पन्नाच्या ५ टक्के, यातलं जे जास्त असेल ते द्यायचं. मुदत ७ नोव्हेंबर. आणि मंडळी, एकही बोली आली नाही. एकशे चाळीस कोटींचा देश, त्यातली सगळ्यात वरची फुटबॉल लीग, आणि टेंडरच्या पेटीत लिफाफा नाही! शेजारी क्रिकेटकडं बघा. आयपीएलच्या पाच वर्षांच्या प्रक्षेपणाचे हक्क ४८ हजार कोटींच्या वर गेले. तुलना करू नये म्हणतात, पण पैसा लावणारा माणूस तुलनाच करत असतो.

या काळात खेळाडू काय करत होते? वाट बघत होते. ऑगस्टमध्ये बंगळुरू एफसीनं पहिल्या संघाचे पगार बेमुदत थांबवले. आणखी काही क्लबांनी कामकाजच बंद ठेवलं. ऑक्टोबर ते डिसेंबर गोव्यात सुपर कप झाला, एफसी गोवानं तो जिंकला, तेवढाच आधार. जानेवारीच्या सुरुवातीला सुनील छेत्री, गुरप्रीत सिंग संधू, संदेश झिंगन अशा खेळाडूंनी मिळून एक व्हिडिओ काढला आणि जागतिक संघटनेनं, फिफानं, लक्ष घालावं अशी विनंती केली. छेत्री म्हणजे देशासाठी सगळ्यात जास्त गोल केलेला माणूस. त्याच्यावर हात जोडायची वेळ यावी! मग ६ जानेवारीला केंद्रीय क्रीडामंत्री मनसुख मांडवीय यांनी जाहीर केलं की १४ फेब्रुवारीपासून लीग होईल आणि १४ च्या १४ क्लब खेळतील. कंपनी नाही, महासंघ आणि क्लबच मिळून हंगाम चालवणार. कारखान्याच्या भाषेत सांगायचं तर चालवायला घेणारा कुणी मिळाला नाही, म्हणून सभासदांनीच कशीबशी मोळी टाकली. गाळप निम्मं होणार, पण धुराडं बंद राहणार नाही. धुराडं बंद राहिलं की गावाचं काय होतं, हे या दोन तालुक्यांना वेगळं सांगायला नको.

तिकडं डिसेंबरमध्येच मुंबई सिटी एफसीमधून सिटी फुटबॉल ग्रुप बाहेर पडला. मँचेस्टर सिटीचे मालक बरं का, लहानसहान माणसं नव्हेत. २०१९ साली त्यांनी मुंबईचा ६५ टक्के हिस्सा घेतला होता, आणि २०२०-२१ मध्ये मुंबईनं लीगचं शील्ड आणि कप दोन्ही जिंकले होते. तेही हिस्सा पहिल्या मालकांना परत देऊन गेले.

आता पुण्याकडं येतो, कारण हे सगळं पुण्यानं आधीच भोगलेलं आहे. आजच्या दहावीतल्या मुलाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. २०१४ ते २०१९ या पाच वर्षांत देशाच्या वरच्या पातळीवर खेळणारे पुण्याचे चार क्लब होते, चार! पुणे एफसी, पिरामल समूहाचा, २००७ चा. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये तो दुसरा आला होता. भारत एफसी, कल्याणी समूहाचा. एक हंगाम खेळला, २०१४-१५ चा, आणि संपला. डीएसके शिवाजियन्स, बांधकाम व्यवसायातल्या डीएसकेंचा, दोन हंगाम. आणि आयएसएलमधला एफसी पुणे सिटी. त्याच्यामागे गृहकर्जाच्या धंद्यातला वाधवान समूह, सोबत हृतिक रोशन. चौघंही बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडानगरीत खेळायचे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बांधलेलं ते मैदान. एका वर्षी तर त्या एका मैदानावर तीन-तीन क्लबांचे घरचे सामने झाले.

आज एकही नाही. आणि महत्त्वाचं असं की हे क्लब हरले म्हणून संपले नाहीत. पुणे सिटी २०१७-१८ मध्ये उपांत्य फेरीत होता. शेवटच्या हंगामात दहा संघांत सातवा आला. मैदानानं त्यांना बाहेर काढलं नाही, मालकाच्या ताळेबंदानं काढलं. तिकिटांतून आणि प्रक्षेपणातून खर्च निघत नाही, दरवर्षीची तूट मालक भरतो. मालकाच्या मूळ धंद्याला ठेच लागली की पहिली कात्री लागते ती फुटबॉलला.

त्यानंतरचा प्रवास ऐका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये लीगमधल्या पुण्याच्या जागी हैदराबाद एफसी आला. त्याच वर्षी दिल्ली डायनामोज उठून भुवनेश्वरला गेला आणि ओडिशा एफसी झाला. हैदराबादनं तिसऱ्याच हंगामात, २०२१-२२ मध्ये, विजेतेपद मिळवलं. २० मार्च २०२२, फातोर्डा, समोर केरला ब्लास्टर्स, निकाल पेनल्टीवर. त्या विजेत्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. कोल्हापुरातून पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत आलेला मुलगा, २०१७ ला भारतात झालेला सतरा वर्षांखालचा वर्ल्डकप खेळलेला. म्हणजे पोरगा महाराष्ट्राचा, घडला पुण्यात, आणि चषक उचलला हैदराबादच्या जर्सीत, पुण्यानं सोडलेल्या जागेवर. पुढं हैदराबादचेही पैसे आटले, मालक बदलले, आणि २०२५ मध्ये तो क्लब दिल्लीला गेला. आता त्याचं नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली. परवाच्या हंगामात तुम्हाला हे नाव यादीत दिसेल, तेव्हा लक्षात ठेवा की ती जागा एकेकाळी बालेवाडीची होती.

जागा अशी गाडीवर घालून का नेता येते? जगात बहुतेक ठिकाणी क्लब लीगमध्ये येतो तो खालच्या पायरीवर जिंकून, आणि जातो तो हरून. आयएसएल तशी सुरू झाली नाही. जागा विकत घ्यायची होती. शहर, मालक आणि फी, एवढंच. जिंकून वर यायची वाट उघडली ती २०२२-२३ पासून. आय-लीगचा विजेता वर येतो. पंजाब आला, मग कोलकात्याचा मोहमेडन, यंदा वाराणसीचा इंटर काशी. त्यातही इंटर काशीचं विजेतेपद शेवटी ठरलं ते स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादात. आपल्याकडं रेफ्रीपेक्षा वकील जास्त पळतात, असं कुणी म्हटलं तर मी हरकत घेणार नाही.

याच्या उलट कोल्हापूर बघा. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब. तालमींचे आणि पेठांचे संघ. मालक नाही, समूह नाही. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठेच्या पेठा उठून जातात. हे संघ आयएसएलच्या जवळपास नाहीत, खेळाडूला तिथं दिल्लीसारखे पैसे मिळत नाहीत, आणि भांडणंही होतात, सगळं मान्य. पण पाटाकडील तालीम कुणी उचलून हैदराबादला नेऊ शकत नाही. पुण्यात नेमकं हेच नव्हतं. बालेवाडीत संघ हरला तर वाईट वाटणारी माणसं होती, पण संघ बंद होतोय म्हणून तो अडवायचा हक्क असलेली माणसं नव्हती.

मग आपल्या दोन तालुक्यांचं काय? इथं कबड्डी आहे, कुस्ती आहे, क्रिकेट तर आहेच. पुणेरी पलटण २०२४ मध्ये प्रो कबड्डी जिंकली तेव्हा तिचा कर्णधार होता घोड नदीपलीकडच्या नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. तिथं आपल्या पोराला वाट दिसते, ओळखीचा चेहरा दिसतो. फुटबॉलमध्ये ती वाट धुक्यात आहे. २०१७ च्या वर्ल्डकपच्या वेळी सरकारनं राज्यभर फुटबॉल दिवस केला, १५ सप्टेंबरला, दहा लाख मुलांना खेळवायचं म्हणून. शाळांना चेंडू वाटले. चेंडू हवेचा असतो, वर्षभरात बसतो. पुढच्या वर्षी कोण शिकवणार, हा प्रश्न त्या चेंडूसोबत आला नव्हता.

जी वाट आहे ती सांगतो. शाळेकडून सुब्रतो चषक. हवाई दलाची स्पर्धा, १९६० पासूनची. मुलांचे १५ आणि १७ वर्षांखालचे गट, मुलींचा १७ वर्षांखालचा. आपल्याकडं तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी जाते, जिल्हा क्रीडा कार्यालयामार्फत. दुसरी वाट क्रीडा प्रबोधिनीची निवड चाचणी. आणि पालकांसाठी, जे मनातल्या मनात विचारताहेत की नोकरीचं काय: राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. ते मिळवायला आयएसएल खेळावी लागत नाही, पण कोणत्या पातळीवरची कोणती कामगिरी धरतात याचे नियम आहेत. ते आधी वाचा, प्रमाणपत्राची पडताळणी वेळेत करून घ्या. दौंडकरांना राज्य राखीव दलाचे दोन गट दारातच आहेत, त्यांना भरतीचं मोल मी काय सांगू. पूर्वी महिंद्रा, एअर इंडिया, रेल्वे यांचे संघ होते. पोरगं खेळायला लागलं की पगार सुरू, गुडघा गेला तरी टेबल-खुर्ची शाबूत. महिंद्राचा संघ २०१० ला बंद झाला, आणि तो देशाचा विजेता राहिलेला संघ होता. आता नोकरीच्या जागी करार आला. पैसे जास्त, पण करार वर्षा-दोन वर्षांचा, आणि आपण आत्ता पाहिलं की वरचा करार अडकला की खालचे सगळे अडकतात. विशीतल्या खेळाडूचे सात महिने रिकामे गेले, तर ते कुणी भरून देत नाही. म्हणून माझं सांगणं एवढंच की सतरा-अठराव्या वर्षी कुणी अकादमीचं नाव सांगून लाखभर फी मागितली, तर आधी विचारा: तुमचा संघ कोणत्या नोंदणीकृत लीगमध्ये खेळतो, आणि मागच्या तीन वर्षांत कोणती मुलं पुढं कुठं गेली? दोन्हीची उत्तरं कागदावर मागा.

शेवटी काही प्रश्न आले, त्यातले तीन घेतो.

एका शिक्षिकांनी विचारलं, आमच्या शाळेला पूर्ण मैदान नाही, काय करावं? बाई, आंतरराष्ट्रीय मैदान १०५ बाय ६८ मीटरचं, म्हणजे साधारण पावणेदोन एकर. ते कुणाकडंच नाही. बारा वर्षांखालच्या मुलांना ते लागतही नाही. पाच-पाच जणांचे संघ करा, छोटे गोल लावा, चेंडू प्रत्येकाच्या पायाला जास्त वेळा लागेल. आणि जमलं तर तुम्ही स्वतः महासंघाचा डी लायसन्सचा अभ्यासक्रम करा. सुरुवातीचा आहे, थोड्या दिवसांचा. एका चेंडूपेक्षा एक शिकलेली शिक्षिका शाळेला जास्त वर्षं पुरते.

दुसरा प्रश्न मुलींचा. मुलींचा संघ येत्या मार्चमध्ये ऑस्ट्रेलियात आशिया चषक खेळतोय, आणि तो थायलंडला त्यांच्याच देशात हरवून, पात्रता मिळवून गेलाय. आयएसएलच्या गोंधळात ही बातमी हरवली. मुलींना हे सामने जरूर दाखवा.

तिसरा, दौंडच्या एका तरुणाचा: सर, प्रत्यक्ष सामना बघायचा तर कुठं जाऊ? तुमचं बरं आहे, तुमच्याकडं जंक्शन आहे. गोवा एक्सप्रेस दौंडवरूनच जाते. एका बाजूला मडगाव, तिथून फातोर्डाचं स्टेडियम हाकेच्या अंतरावर. दुसऱ्या टोकाला दिल्ली, जिथं आपली जुनी जागा जाऊन बसलीय. मुंबई सिटीचं नेहमीचं मैदान अंधेरीला, तेही जवळ. फक्त यंदा सामना एकदाच आहे, त्यामुळं गाडीचं आरक्षण करायच्या आधी वेळापत्रकात बघून घ्या, तो सामना त्यांच्या घरी आहे की बाहेर.